घरच्या संगणकातील पोटभाडेकरू

बडोदे, इंदूर किंवा हैदराबाद येथील एखाद्या मराठी गृहस्थाचे घर डोळ्यांसमोर आणावे. गृहस्थ निवृत्त आहेत. सकाळचा चहा झाला की मेजावरील संगणक सुरू करावा, मराठी वृत्तपत्रे वाचावीत, विजेचे बिल भरावे, पेन्शन जमा झाली की नाही ते पाहावे, हा त्यांचा नित्यक्रम. एके दिवशी वृत्तपत्राचे पान उघडते ते जाहिरातींची जत्रा घेऊनच. शोध घेण्यासाठी नेहमी गूगल उघडत असे, तेथे आता कोणी भलताच येऊन बसलेला असतो. पडद्याच्या कोपऱ्यात घटकेघटकेला एक चौकट उगवते आणि ‘तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे’ असे बजावते. संगणक जुना झाला असावा, अशी गृहस्थ मनाची समजूत घालतात. वस्तुतः संगणक जुना झालेला नसतो; त्यात पोटभाडेकरू शिरलेला असतो.

संगणकाच्या परिभाषेत यास ॲडवेअर म्हणतात. दुसऱ्याच्या पडद्यावर जाहिराती झळकवून, अथवा त्याचा शोध आडवाटेने वळवून पैसा मिळविणे, हा त्याचा धंदा होय. हा चोरासारखा भिंत फोडून क्वचितच येतो. तो बहुधा दारातूनच येतो, आणि कडी घरमालकाने स्वहस्ते काढलेली असते. फुकट मिळणारा एखादा प्रोग्राम बसविताना न वाचताच ‘पुढे’, ‘पुढे’ हे बटण दाबण्याची सवय बहुतेकांना असते. त्यांतील एखाद्या पायरीवर आधीच खूण करून ठेवलेली बारीकशी चौकट असते, आणि तीतच या पाहुण्याला संमती दिली जाते. कधी एखादे संकेतस्थळ, ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी परवानगी द्या’ म्हणून सांगते. परवानगी दिली, की त्या स्थळाला कोपऱ्यातील चौकटी पाठविण्याचा जणू परवानाच मिळतो.

तिसरी वाट अधिक कपटाची आहे. ब्राउझरला जोडावयाची छोटी उपकरणे, म्हणजे एक्स्टेंशने, आरंभी निर्दोष असतात. पुढे ती विकली जातात. ‘ॲड टु फीडली’ या एक्स्टेंशनच्या बाबतीत असेच घडले. मूळ कर्त्याने ते विकले, नव्या मालकाने सुधारित आवृत्तीच्या मिषाने त्यात जाहिराती घुसविल्या, आणि जानेवारी २०१४ मध्ये गूगलने ते आपल्या भांडारातून काढून टाकले. आयत्या बिळावर नागोबा, तो असा.

जाहिराती दिसल्या तर दिसोत, त्यात काय बिघडले, असे कोणी म्हणेल. त्याने सुपरफिशची हकीकत ध्यानात घ्यावी. २०१४ च्या सप्टेंबरपासून काही महिने लेनोवो कंपनीच्या कित्येक लॅपटॉपांत हा प्रोग्राम आधीच बसविलेला येत असे. जाहिराती घुसविता याव्यात म्हणून त्याने स्वतःचे प्रमाणपत्र यंत्रात रोवले होते. त्यामुळे सुरक्षित समजली जाणारी जोडणीही तो मध्येच उघडू शके. त्यातही कहर असा, की सर्व यंत्रांना किल्ली एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका जाणकाराने तिचा परवलीचा शब्द शोधून काढला, तेव्हा कोठे या प्रकरणाचे गांभीर्य लोकांना उमगले. प्रोग्राम काढला तरी प्रमाणपत्र मागे उरत असे, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

आता निदान. गृहस्थांनी त्याच संगणकावर दुसरा ब्राउझर उघडून पाहावा. जाहिराती पहिल्याच ब्राउझरमध्ये येत असतील, तर दोष त्याच्या एक्स्टेंशनांत किंवा दिलेल्या परवानग्यांत असण्याचा संभव अधिक. दोन्हींत येत असतील तर विंडोजमध्ये शोध घ्यावा. त्याच वायफायवरील मोबाइलमध्येही तोच उपद्रव असेल, तर राउटरकडे संशयाने पाहावे. घरगुती संगणकावर ‘हा ब्राउझर तुमची संस्था नियंत्रित करते’ असा मजकूर दिसला, तर कान टवकारावेत. काही वेळा चांगल्या सुरक्षा-प्रोग्राममुळेही तो दिसतो, पण घरात संस्था कोठून आली, हे विचारलेच पाहिजे.

उच्चाटनात क्रम महत्त्वाचा. प्रथम विंडोजच्या सेटिंग्जमधील ॲपची यादी तारखेनुसार लावून, उपद्रव सुरू झाला त्या सुमारास काय बसले ते पाहावे आणि अनोळखी असेल ते काढावे. मग ब्राउझरमधील नको ती एक्स्टेंशने काढावीत, सूचना पाठविण्याची परवानगी असलेल्या स्थळांची यादी तपासावी, आणि शेवटी सेटिंग्ज मूळपदावर आणाव्यात. क्रोममध्ये असे केल्याने जतन केलेल्या पानखुणा व पासवर्ड जात नाहीत. हा क्रम उलटा केला, तर विंडोजमध्ये दडलेला प्रोग्राम काढलेले एक्स्टेंशन पुन्हा आणून बसवू शकतो. यानंतर विंडोजच्या स्वतःच्या सुरक्षा-व्यवस्थेकडून पूर्ण तपासणी करावी. ॲडडब्ल्यूक्लीनर हे मोफत साधनही उपयोगी आहे. २०१६ पासून ते मालवेअरबाइट्स कंपनीकडे असून, तिच्याच संकेतस्थळावरून घ्यावे. शोधात वर येणाऱ्या जाहिरातीवरून घेऊ नये, कारण ॲडवेअर काढण्याच्या नावाखालीही ॲडवेअर विकले जाते!

कोपऱ्यातील चौकटीवर चुकून बोट पडले, तर कधी सारा पडदा व्यापणारा इशारा येतो, भोंगा वाजतो आणि मदतीसाठी दूरध्वनी क्रमांक झळकतो. खरा धोका येथे आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत दूरध्वनी क्रमांक कधीच नसतो. पलीकडचा मनुष्य गोड बोलून संगणकाचा ताबा मागतो, आणि तो दिला की आयुष्यभराची पुंजी काही मिनिटांत जाऊ शकते. अशा वेळी एस्केपची कळ दाबून धरावी; त्यानेही पडदा हलला नाही तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप एकत्र दाबून ब्राउझर बंद करावा. पैसे गेलेच, तर संकोच न करता तत्काळ बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

सफाई झाल्यावर गृहस्थांचे एक काम उरते. एक्स्टेंशनला प्रत्येक पान वाचण्याची मुभा असू शकते; म्हणून बँकेचा व ईमेलचा पासवर्ड आता, स्वच्छ झालेल्या संगणकावरून, बदलावा. मुलाच्या लॅपटॉपवर त्यांचेच खाते चालू असेल, तर तेथील यादीही पाहून घ्यावी. एरवी काढलेले एक्स्टेंशन खात्याच्या जुळणीबरोबर दुसऱ्या दिवशी पुन्हा घरात हजर होते.