नारळी पौर्णिमा, चिचेस्टरच्या खाडीत

(रौप्यमहोत्सवानिमित्त आपल्या सभागृहात झालेल्या अनुभवकथनाच्या कार्यक्रमातील भाषण. बरंचसं बोललो तसंच ठेवलं आहे.)



सेक्रेटरींनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि खाली पावभाजीचा तवा तापलाय, त्यामुळे मी वेळ पाळेन. सूचनाफलकावर विषय लिहिलाय ‘परदेशातील नौकाविहार’. त्यावरून काहींना मोठं जहाज, बुफे, गाणीबजावणी असं वाटलं असेल. तसं काही नाही. ही नाव सोळा फुटांना दोन इंच कमी. आपल्या पार्किंगमध्ये लावली तर जराशी पट्ट्याबाहेर येईल आणि दुसऱ्या दिवशी तक्रार अर्ज येईल. छप्पर नाही, इंजिन नाही. स्वच्छतागृह म्हणाल तर एक बादली.

मुद्द्यावर येण्याआधी एक कबुली. आपण इथे राहायला आलो त्या वर्षी आमची कन्या सातवीत होती. मे महिन्यात बी विंगमधली तीन मुलं पोहण्याच्या शिबिराला गेली. तिनेही फॉर्म आणला होता. मी सही केली नाही. कारण विचारलं तर म्हणालो, क्लोरीनने केस खराब होतात. खरं कारण वेगळं होतं. माझा थोरला भाऊ चौदाव्या वर्षी आमच्या गावच्या खाडीत गेला. मी तेव्हा नऊ वर्षांचा, काठावर उभा होतो. दापोली तालुक्यातला माणूस असून मी गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेलो नाही आणि घरात कुणाला जाऊ दिलं नाही. ही भावाची गोष्ट मुलीला मी कधी सांगितली नव्हती.

पुढे ती नोकरीनिमित्त इंग्लंडला गेली, पोर्टस्मथला. तिसाव्या वर्षी पोहायला शिकली, ते आम्हाला वर्षभराने कळलं. मग एक दिवस फोटो पाठवला, जुन्या लाकडी होडीचा. खाली एकच ओळ : ‘बाबा, रागावू नका.’

या होडीला वेफेअरर म्हणतात. इयन प्रॉक्टर नावाच्या माणसाने १९५७ साली हिचा आराखडा केला. साध्या कुटुंबाला परवडावी, गाडीमागे जोडून नेता यावी आणि रात्री आतच झोपता यावं अशी. मधोमध एक उभी पेटी असते, तिच्यातून लाकडी पातं पाण्यात सोडतात, म्हणजे होडी वाऱ्याने आडवी सरकत नाही. त्या पेटीच्या दोन बाजूंना दोन माणसं झोपतात. फ्रँक डाय नावाचा गृहस्थ अशाच होडीतून १९६३ साली स्कॉटलंडहून आइसलंडला गेला, आणि पुढच्या वर्षी नॉर्वेला. नॉर्वेच्या वाटेवर वादळात होडी उलटली, डोलकाठी मोडली, तरी पोचला. हे मला कन्येने कौतुकाने सांगितलं. बापाला काय सांगावं आणि काय नाही हे मुलांना कळत नाही.

तिकडे अशा छोट्या होड्यावाल्यांची मंडळी आहेत. शनिवार-रविवारी कुठल्या तरी खाडीत जमायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने शिडावर जायचं, संध्याकाळी एकत्र स्वयंपाक करायचा, होडीत झोपायचं. शर्यत नाही, बक्षीस नाही. पैसेवालेही फारसे नाहीत. आमच्यात एक निवृत्त पोस्टमन होते, एक शाळामास्तरीण, एक नर्स आणि तिचा नवरा. सात होड्या, बारा माणसं.

आठ वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. ऑगस्टअखेरच्या सोमवारी तिकडे सुट्टी असते, म्हणून तीन दिवसांचा बेत ठरला. ही म्हणाली, ‘मी घरी बसते, तुम्ही जा तिच्याबरोबर.’ का म्हणाली ते तिलाच विचारा, पहिल्या रांगेत बसलीय.

त्या शनिवारी नेमकी नारळी पौर्णिमा. कन्येच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. आमच्या आजोबांचा एक हिशेब होता : तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ मिळते. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वा अकरा. तिकडे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, म्हणजे सव्वा बारा. कन्येने भरतीचं पुस्तक उघडलं. अर्ध्या तासाचाही फरक नव्हता! अर्थात हा योगायोग. प्रत्येक बंदराची वेळ निराळी. चिचेस्टरची आणि आपल्या कोकणची साधारण जुळते इतकंच. पण त्या पोस्टमनने हा हिशेब वहीत उतरवून घेतला आणि मला एकदम मान मिळाला.

इचेनॉर नावाच्या गावी उतारावरून होडी पाण्यात सोडली. मला फुगीर जाकीट घातलं. मी पिशवीतून नारळ काढला, हळदकुंकू वाहिलं आणि पाण्यात सोडला. पाच मिनिटांनी नर्सबाईंची होडी शेजारी आली. हातात नारळ. ‘तुमचं काहीतरी पडलं.’ आता यांना काय समजावणार? मी आभार मानले. संध्याकाळी तो फोडून सगळ्यांना वाटला.

भरतीच्या पाण्यावर आम्ही पलीकडच्या गावी गेलो. लिहितात बोशम, म्हणतात बॉझम. उधाणाच्या दिवशी तिथला किनाऱ्याचा रस्ता पाण्याखाली जातो, आणि गाडी लावून चहाला गेलेले पाहुणे परत येऊन कपाळाला हात लावतात. तिथे एक फार जुनं चर्च आहे. कन्यूट राजाची लहान मुलगी ओढ्यात बुडाली आणि तिला या चर्चमध्ये पुरलं, अशी दंतकथा आहे. कन्या मला हे सांगत होती आणि मी ऐकत नव्हतो. मी दाराबाहेरचं पाणी बघत होतो.

ओहोटीबरोबर खाली आलो, खाडीच्या तोंडाशी. ईस्ट हेड नावाचा वाळूचा लांब दांडा आहे, त्याच्या आतल्या बाजूला नांगर टाकला. वाळूवर तंबू ठोकायला मनाई. पाणी उतरलं, होड्या वाळूवर बसल्या. मग प्रत्येकाने शिडाच्या आडव्या दांड्यावरून कापड टाकून होडीवरच तंबू केला. स्टोव्ह पेटले. कन्येने पिठलं केलं, सोबत पाव.

रात्री नऊच्या सुमारास खालून हलकासा धक्का बसला आणि होडी तरंगायला लागली. माझं तोंड कोरडं पडलं. पाठीखाली फळी, फळीखाली पाणी. पेटीच्या पलीकडून आवाज आला, ‘बाबा, झोप नाही ना लागत?’ आणि मी बोलायला लागलो. भावाचं नाव, त्या दिवशीची ओहोटी, आई काठावर किती दिवस जाऊन बसायची ते, सगळं. मध्ये ती पेटी होती, चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच बोलू शकलो असेन. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘फॉर्मच्या वेळी सांगायचं होतंत.’ पहाटे चारला होडी पुन्हा वाळूवर टेकली, तेव्हा आम्ही दोघंही जागेच होतो.

रविवारचा बेत खाडीबाहेर पडून समोरच्या आइल ऑफ वाइट बेटावर, बेंब्रिजला जायचा होता. सकाळी वारा नैर्ऋत्येचा, चांगला जोरात. आपल्या कोकणातल्या खाड्यांसारखाच तिथेही मुखाशी वाळूचा उथळ पट्टा आहे. उधाणाची ओहोटी बाहेर धावते, वारा समोरून आत येतो, दोघांची गाठ त्या पट्ट्यावर पडते आणि लाटा फुटतात. चहाचे कप घेऊन सगळे वाळूवर गोल उभे राहिले. पोस्टमनसाहेब चाळीस वर्षांचे अनुभवी, पण त्यांनी ‘जाऊ या’ही म्हटलं नाही आणि ‘नको’ही. एकेकाकडे पाहिलं फक्त. त्यांचा नियमच तो आहे, ज्याची होडी त्याचा निर्णय. कुणी कुणाला ओढायचं नाही, मागे राहिला म्हणून हसायचं नाही. (आपल्या सर्वसाधारण सभेत हा नियम लावला तर सभा दहा मिनिटांत संपेल.)

तिघांनी सांगितलं, जातो, ओहोटीला जोर येण्याआधी निघू. कन्येची पाळी आली. ती म्हणाली, ‘मी आज जाणार नाही.’

मी तिला बाजूला घेतलं. मला वाटलं, रात्रीच्या गोष्टीमुळे. म्हटलं, ‘अगं, माझ्यासाठी थांबू नकोस, मी काठावर बसतो.’ ती म्हणाली, ‘तुमच्यासाठी नाही बाबा. होडीवर पट्टीचा एक हात कमी आहे, तुम्हाला शीड आवरता येत नाही. मी एकटी असते तरी आज गेले नसते.’ सरळ हिशेब. आवाजात भीती नव्हती. मी आयुष्यभर ‘नको’ म्हणत आलो, पण असं ‘नको’ मला कधी म्हणता आलं नव्हतं.

तीन होड्या गेल्या. दुपारी चारला निरोप आला, सुखरूप पोचलो, मासे खातोय. मी विचारलं, ‘म्हणजे आपणही पोचलो असतो?’ म्हणाली, ‘कदाचित.’ आणि सुकाणू माझ्या हातात दिलं. आम्ही थॉर्नीच्या बाजूच्या शांत पाण्यात होतो. पहिला तासभर होडी सापासारखी गेली.

आता शेवटचं. परत आल्यावर मी त्याच तलावावर गेलो, ज्येष्ठ नागरिकांच्या बॅचसाठी. फॉर्मवर ‘पालकाची सही’ असा रकाना होता. क्लार्क म्हणाला, ‘आजोबा, तो सोडून द्या.’ रुंदीने एक फेरी मारायला मला सात महिने लागले. श्वास अजून चुकतो. सकाळी सव्वासहाची बॅच आहे. ए विंगचे दोघं येतात. गाडीत मागे एक जागा रिकामी आहे.