सार्वजनिक शिस्त: सुरुवात कोणापासून?

(मोरगाव येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



गावातल्या किंवा शहरातल्या उघड्या जागांवरून वाद पेटला की आरोपी बहुधा आधीच ठरलेले असतात. रात्री भिंतीवर रंगाचा फवारा मारणारी पोरे, रस्त्याच्या कडेला हातगाडी लावणारा भाजीवाला, पुलाखाली पथारी टाकणारे कुटुंब. शहर विद्रूप केले, शिस्त बिघडवली, हा ठपका पहिल्यांदा यांच्यावर येतो आणि अतिक्रमणविरोधी पथकाची गाडीही पहिल्यांदा यांच्याच दारात उभी राहते. या ठपक्यामागे काहीच तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. पण ज्या कसोटीवर आपण या लोकांना दोषी ठरवतो ती सर्वांना सारखी लावली, तर पहिली कारवाई दुसऱ्याच कोणावर तरी करावी लागेल, आणि ती होत नाही तोवर बाकीच्या कारवाया टिकणारही नाहीत. आज मला मांडायचे आहे ते एवढेच.

ही कसोटी आली कुठून? 1982 साली जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 'अटलांटिक मंथली' या मासिकात एक लेख लिहिला. इमारतीची एक काच फुटली आणि ती कोणी बदलली नाही, तर लवकरच बाकीच्या काचाही फुटतात, कारण इथे लक्ष ठेवणारे कोणी नाही हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळते. भिंतीवरची चितारणी, कचरा, टवाळखोरी हीसुद्धा अशीच फुटलेली काच. ती वेळीच दुरुस्त केली नाही तर पुढे मोठे गुन्हे येतात, असा त्यांचा दावा होता. न्यूयॉर्कने हा विचार उचलला. भुयारी रेल्वेचे डबे तर 1989 पर्यंत रंगाच्या फवाऱ्यांपासून मुक्त झाले होते. पुढे पोलिसांनी किरकोळ गोष्टींसाठी लोकांना अडवून झडती घेण्याचा सपाटा लावला. एकट्या 2011 मध्ये असे सुमारे 6 लाख 85 हजार प्रसंग नोंदले गेले. अडवलेल्यांपैकी सुमारे 88 टक्के लोकांवर ना समन्स निघाले, ना त्यांना अटक झाली. त्यात कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकन वंशाचे तरुण बहुसंख्येने होते. 2013 मध्ये तिथल्या संघराज्य न्यायालयाने ही पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती, ती घटनाबाह्य ठरवली.

दरम्यान या सिद्धांताची तपासणीही झाली. रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडेनबुश यांनी शिकागोतल्या हजारो रस्त्यांचे चित्रीकरण करून पाहणी केली आणि 1999 मध्ये निष्कर्ष मांडले. वस्तीतले दारिद्र्य आणि शेजाऱ्यांचा एकमेकांवरचा विश्वास हे घटक हिशेबात घेतल्यावर घाण-चितारणी आणि गुन्हे यांच्यातला संबंध बराच सैल पडतो, असे त्यांना दिसले. त्यांचा 2004 चा निष्कर्ष मला अधिक बोचतो. प्रत्यक्षात तेवढाच कचरा असला, तरी गरीब आणि कृष्णवर्णीय वस्तीत लोकांना तो जास्त वाटतो. म्हणजे अव्यवस्था मोजताना डोळा रस्त्याइतकाच रस्त्यावरच्या माणसाकडेही पाहत असतो.

तरीही सिद्धांताचा एक भाग खरा निघाला, आणि आपल्या चर्चेत त्याचे मोल सर्वांत जास्त आहे. 2008 मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात कीस कायझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही प्रयोग केले. लोक सायकली लावतात अशा एका गल्लीत, भिंतीवर चितारणी करू नये अशी पाटी होती. सायकलींच्या हँडलला जाहिरातीची पत्रके अडकवली. भिंत स्वच्छ असताना 33 टक्के लोकांनी पत्रक खाली टाकले. भिंत चितारल्यावर हे प्रमाण 69 टक्क्यांवर गेले. लिफाफ्यातून पाच युरोची नोट डोकावत आहे अशी पत्रपेटी ठेवली, तेव्हा स्वच्छ पेटीतून 13 टक्के लोकांनी लिफाफा लांबवला, चितारलेल्या पेटीतून 27 टक्के लोकांनी. एक नियम उघड्यावर मोडलेला दिसला की माणूस दुसरेही नियम सैल धरतो, हा यातून निघणारा बोध. मात्र नियम मोडणारा गरीब आहे की श्रीमंत, याने त्या परिणामात फरक पडेल, असे या प्रयोगात काहीही नाही. उल्लंघन डोळ्यांसमोर असणे पुरेसे आहे.

आता हा निकष घेऊन आपल्या चौकात उभे राहू. सर्वांत मोठे, सर्वांत उंच आणि सर्वांत ठळक उल्लंघन कोणते? विजेच्या खांबावर, झाडावर, एसटीच्या थांब्यावर, दिशादर्शक पाटी झाकून लावलेला फ्लेक्स. वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन, भावी अमुक, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत पंधरा-वीस चेहरे. भिंतीवर रंग मारणारा पोरगा अंधारात येतो आणि सहसा नाव लपवतो. इथे मात्र नाव, फोटो, कधीकधी फोन नंबरसुद्धा छापलेला असतो. मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा कायदा राज्यात 1995 पासून आहे. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये सविस्तर निकाल देऊन बेकायदा फलकांवर कारवाईचे आदेश पालिकांना दिले. तरी सणासुदीला आणि निवडणुकीच्या तोंडावर फलक पुन्हा उभे राहतातच. कीस कायझरच्या गल्लीत नुसती पाटी होती. आपल्याकडे कायदा आहे, न्यायालयाचा आदेश आहे, आणि त्या दोन्हींच्या वर फलक आहे. नियम कोणासाठी असतात आणि कोणासाठी नसतात, याचा धडा शाळेत जाणारे मूल रोज त्याखालून जाताना घेते.

कायदा हलूच शकत नाही, असेही नाही. ऑगस्ट 2018 मध्ये पिंपळे सौदागर परिसरात एका तरुणाने प्रेयसीची माफी मागण्यासाठी एका रात्रीत सुमारे 300 फलक लावले. दोन-चार दिवसांत तो कोण हे पोलिसांनी शोधून काढले आणि महापालिकेनेही कारवाईची पावले उचलली. ते योग्यच होते. फलक कोणी लावले हे शोधता येते आणि कारवाई लगेच होऊ शकते, हे यातून सिद्ध झाले. मग ज्या फलकावर लावणाऱ्याचे नावच छापलेले आहे, तिथे शोधायचे काय उरते? आणि हा प्रश्न नुसत्या शोभेचाही नाही. एप्रिल 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडजवळ किवळे येथे जाहिरातीचा लोखंडी सांगाडा कोसळून पाच जण गेले. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर कोसळलेला फलक 120 फूट लांब आणि 120 फूट रुंद होता, परवानगीच्या मर्यादेच्या कितीतरी पट मोठा. त्याखाली 17 माणसे मेली. हातगाडीखाली कोणी असे मेल्याचे मला ठाऊक नाही.

यावर एक आक्षेप येईल तो मोलाचा आहे. भिंतीवरचे लिखाण हाच ज्यांचा एकमेव छापखाना होता, त्यांचे काय? 1942 च्या लढ्यात, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात, पुढे दलित पँथरच्या काळात ज्यांना वर्तमानपत्रात जागा नव्हती त्यांनी चुन्याने आणि गेरूने भिंतीवर लिहिले. पैसा नसलेल्याला बोलण्यासाठी समाजाने काही भिंती मोकळ्या ठेवायला हव्यात, असे माझे ठाम मत आहे. मुंबईत तुळशी पाइप रोडवरची लांबच लांब भिंत 2009 मध्ये पालिकेच्या संमतीने लोकांनी रंगवली. असे करता येते. पण सगळ्या भिंती सारख्या नसतात. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने 28 एप्रिल 1819 रोजी चित्रावरच आपले नाव आणि तारीख कोरली. दोन शतके उलटली, ती जखम भरलेली नाही आणि भरणारही नाही. चुन्याची घोषणा एका पावसाळ्यात जाते, पाषाणावर कोरलेले नाव जात नाही. गडावर बदामात दोन नावे कोरणाऱ्याने स्मिथचीच री ओढलेली असते, आणि त्याला गरिबीची किंवा आंदोलनाची सबब लागू होत नाही. पुसता येते की नाही, आणि दुसऱ्याचा वापर हिरावला जातो की नाही, या दोन गोष्टी मी पाहीन. लिहिणाऱ्याची ऐपत पाहणार नाही.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे. अंधाऱ्या, घाणेरड्या, दारूच्या बाटल्या पडलेल्या वाटेवरून संध्याकाळी क्लासहून घरी जाणाऱ्या मुलीला भीती वाटते, आणि ती भीती खरी आहे. तिला शिकागोची आकडेवारी ऐकवून उपयोग नाही. पण उपाय कोणता? फिलाडेल्फियात 541 ओसाड भूखंडांवर प्रयोग झाला. त्यातले काही निवडून साफ केले, गवत लावले, बुटके कुंपण घातले. बाकीचे तसेच ठेवले. 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: गरीब वस्त्यांत साफ केलेल्या भूखंडांभोवती बंदुकीचा हिंसाचार 29 टक्क्यांनी घटला. त्यासाठी कोणाला अटक करावी लागली नाही. जागा सुधारली.

आपल्याला यासाठी फिलाडेल्फियापर्यंत जायचीही गरज नाही. तुकोबांची पालखी दर आषाढीला बारामतीतून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकीमार्गे इंदापूरला जाते. लाखो माणसे रस्ता व्यापतात, वाहतूक वळवली जाते, बेलवाडीला रिंगणासाठी मैदान मोकळे होते. रस्ता अडवला म्हणून या गर्दीला कोणी अव्यवस्था म्हणत नाही, कारण ती ठरलेल्या दिवशी येते, ठरलेल्या वाटेने जाते आणि गाव तिला आपली मानते. मुक्कामाच्या गावी मागे राहणारी घाण मात्र खरी अडचण होती. तिच्यावर उपाय निघाला तो 'निर्मल वारी'सारख्या उपक्रमांतून, मुक्कामावर फिरती शौचालये उभी करून. वारकऱ्यांवर दंडाची पावती फाडून तो निघाला नसता. सोय नसेल तिथे शिस्त मागणे अन्यायाचे आहे, आणि सोय दिल्यावर ती मागण्याचा अधिकार पुरेपूर आहे.

हातगाडीवाल्यांबाबत हेच. पायी चालणाऱ्याला रस्ता मिळत नाही ही तक्रार रास्त आहे. म्हातारी माणसे वाहनांच्या मधून चालतात. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्यासाठी वाट दाखवली: आधी सर्वेक्षण करायचे, ते पूर्ण होईपर्यंत कोणाला उठवायचे नाही, नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांतून घ्यायचे आणि जागा आखून द्यायच्या. बारामती आणि इंदापूरच्या नगरपरिषदांना हा कायदा लागू आहे. मोरगावला मात्र नाही, कारण तो शहरी स्थानिक संस्थांसाठी आहे आणि इथे ग्रामपंचायत आहे. मयूरेश्वराच्या देवळाभोवती दूर्वा, फुले, नारळ, पेढे विकणाऱ्यांना त्यामुळे त्या कायद्याचे संरक्षण मिळत नाही. भाद्रपदी आणि माघी चतुर्थीला, चिंचवडहून मंगलमूर्तींची पालखी येते तेव्हा, अष्टविनायकाच्या या पहिल्या क्षेत्रात जी दाटी होते तिचे नियोजन म्हणून ग्रामसभेलाच करावे लागेल: विक्रेत्यांच्या आखलेल्या जागा, भाविकांसाठी मोकळी ठेवलेली पायवाट, आणि नगारखान्याच्या पायऱ्यांपासून तटाच्या मनोऱ्यांपर्यंत एकही फलक नाही.

फलक हीसुद्धा आपली संस्कृती आहे, त्यावर छपाईवाल्यांची पोटे चालतात, असे सांगितले जाते. पोटाचा प्रश्न मी हलका मानत नाही. म्हणूनच बंदीऐवजी मी ठरावीक जागा, ठरावीक दिवस, आकारलेले शुल्क आणि फलकावरच छापलेला परवाना क्रमांक असे सुचवतो. छपाई चालू राहील, पंचायतीला उत्पन्न मिळेल, खांब मोकळे राहतील. मात्र पहिला बेकायदा फलक उतरेल तो गावातल्या सर्वांत वजनदार माणसाचा असला पाहिजे, आणि उतरवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पाठीशी ग्रामसभेचा लेखी ठराव हवा. नाही तर तो बिचारा फुलवालीची टोपली उचलेल आणि फलकाकडे पाठ फिरवेल. 1 मेची ग्रामसभा जवळ आली आहे. विषयपत्रिका अजून निघालेली नसेल, तर हा विषय तीत लेखी अर्जाने घालता येईल.