फोटो एकदाच, पण नीट

मी तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढते. परवा एक आजी खोकल्यासाठी छातीचा फोटो काढायला आल्या. मशीन पाहून म्हणाल्या, "बाई, किरणं जरा कमीच सोड गं." त्यांची सून म्हणाली, "नको, भरपूर सोडा, म्हणजे फोटो चांगला येईल." दोघींचंही अर्धं अर्धं खरं होतं.

किरणं फार कमी पडली तर फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात, बारीक डाग त्यात लपतो. जास्त सोडली तर शरीरावर विनाकारण मारा. पूर्वी फिल्म असायची. किरणं जास्त झाली की ती काळीकुट्ट व्हायची, चूक लगेच कळायची. आता कॉम्प्युटर फोटो सावरून घेतो. जास्त किरणांचा फोटो उलट स्वच्छच दिसतो, आणि मग आमचाच हात सैल सुटतो. म्हणून अंगकाठी बघून आकडे लावायचे, लहान मुलाला मोठ्या माणसाचे आकडे लावायचे नाहीत, हे आमचं काम.

छातीच्या एका फोटोत साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किरणं मिळतात. जमिनीतून, आभाळातून तेवढी आपल्याला दहा-पंधरा दिवसांत तशीही मिळतात. छातीच्या सीटी स्कॅनला मात्र साठ-सत्तर पट लागू शकतात. तेव्हा "मोठा फोटोच काढा" असा हट्ट धरू नका. पण डॉक्टरांनी गरज आहे म्हटलं, तर भीतीपोटी टाळूही नका. सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये ही किरणं नसतातच.

फुकटची किरणं पडतात ती फोटो पुन्हा काढावा लागला की. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बाईची वेणी पाठीवर तशीच राहिली. माझ्या लक्षातच आलं नाही. फोटोत फुप्फुसाच्या वरच्या भागात पट्टा उमटला, आणि टीबीचा डाग बऱ्याचदा तिथेच असतो. डॉक्टरांनी तिला परत बोलावलं. वेणी वर बांधून फोटो काढला, तर छाती साफ! दुप्पट किरणं आणि दोन दिवसांचा घोर, तोही माझ्यामुळे. तेव्हापासून मी आधी वेणी बघते, मग मशीन.

मंगळसूत्र काढताना जीव खालीवर होतो, कळतं मला. सोबतच्या बाईच्या मुठीत द्या, पाच मिनिटांचं काम. पिना, हुकही काढा. पाळी चुकली असेल तर फोटोआधीच सांगा, समोर पुरुष असला तरी सांगा. आणि जुने फोटो पिशवीत घालून आणा. कधी कधी ते बघूनच डॉक्टरांचं काम भागतं.

त्या आजींनी डोरलं सुनेकडे दिलं, अंबाडा वर बांधला. "श्वास रोखा" म्हटल्यावर असा रोखला, की मी "सोडा" म्हणेपर्यंत जराही हलल्या नाहीत. एकाच फोटोत काम झालं.