कागद कामगाराचे, कपाट कोणाचे?



कामगार चळवळ, डावे आणि आंबेडकरी राजकारण आणि वस्त्यावस्त्यांतले लढे यांच्या कागदपत्रांवर भरलेल्या या परिषदेत स्वागत समिती आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करते. परिषद परळला भरते आहे, याचे समितीला विशेष अप्रूप आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात गिरणी कामगारांची सभा घेतली ती याच परळमध्ये. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात जायबंदी झालेल्याला भरपाई, असा अर्ज तयार झाला. त्याला सुमारे साडेपाच हजार कामगारांनी पाठिंबा दिला. सुट्टी पदरात पडायला १८९० साल उजाडले.

लोखंडे ‘दीनबंधू’ हे पत्र चालवत. त्याचे सगळे अंक आज हाती लागत नाहीत. सरकारी भाषांतरकार मात्र दर आठवड्याला देशी पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा काढून वरिष्ठांना देत, आणि ते अहवाल टिकले. त्यामुळे अभ्यासकाला पुष्कळदा लोखंडे यांचे म्हणणे इंग्रज सरकारच्या भाषेत, चार ओळींत आवळलेले वाचावे लागते. त्यांचा मराठी आवाज, त्यातली चीड आणि आर्जव, त्या चार ओळींत उतरत नाही.

पुढेही असेच घडत गेले. १९२८ मध्ये मुंबईतल्या गिरण्यांत सहा महिने संप चालला आणि त्यातच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. २० मार्च १९२९ रोजी कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरच्या मीरत कटाच्या खटल्यासाठी धरपकड झाली. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, घाटे यांच्याबरोबर अर्जुन आळवे आणि कासले हे गिरणीत राबलेले पुढारीही पकडले गेले. झडत्यांमध्ये पोलिसांनी पत्रे, पत्रके, वह्या उचलून नेल्या, त्यांवर पुराव्याचे क्रमांक पडले आणि ती दप्तरे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पोचली. आळवे यांनी कोर्टापुढे आपली हकीगत सांगितली, ती लेखनिकाने उतरून घेतली. त्या काळच्या गिरणी कामगाराने स्वतःविषयी केलेले इतके सविस्तर निवेदन क्वचितच सापडते. पण ते आरोपीच्या पिंजऱ्यातून केलेले आहे, हे वाचताना विसरता येत नाही.

या दप्तरांना आजचा अभ्यासक हात जोडतो, आणि जोडायलाच हवेत. तरीही पाळत ठेवणाऱ्याने काय जपले, यावरच कामगाराचा इतिहास अवलंबून राहावा, हे स्वागत समितीला मान्य नाही. परिषद बोलावण्याचे कारण हेच आहे.

चळवळीतल्या माणसांनीच संग्रह उभे केल्याची उदाहरणे कमी नाहीत. डेट्रॉईटचा छापखान्यातला कामगार आणि अराज्यवादी जोसेफ लॅबडी याने आयुष्यभर साठवलेली पत्रके आणि पत्रे १९११ मध्ये मिशिगन विद्यापीठाला दिली. ॲग्नेस इंग्लिस या कार्यकर्तीने १९२४ च्या सुमारास ते ढीग नीट लावायला घेतले आणि १९५२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम सोडले नाही. ॲमस्टरडॅमला १९३५ मध्ये सामाजिक इतिहासाची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. युरोपात हिटलरशाहीची छाया पसरत असताना तिने मार्क्स-एंगल्स यांची हस्तलिखिते आपल्याकडे आणून सांभाळली.

आपल्याकडचा वारसाही तेवढाच तोलामोलाचा आहे. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या हयातीतच त्यांच्या चरित्राची साधने गोळा करायला सुरुवात केली. वसंत मून यांनी बाबासाहेबांचे अप्रकाशित कागद मिळवण्यासाठी जिवाचे रान केले आणि १९७९ पासून शासनातर्फे त्यांच्या लेखन-भाषणांचे खंड निघू लागले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघरी गाठून बोलते केले. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक त्यातून उभे राहिले. कोणत्याही कचेरीत या बायांच्या नावाची फाईल नव्हती. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातले आवाज असेच मुलाखतींतून टिपले. नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेत १९९८ पासून भारतीय श्रमिकांचे अभिलेखागार आहे.

आता गिरणगावातल्या कुठल्याही चाळीतली एक ट्रंक डोळ्यांसमोर आणावी. वर युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, गुलाबी कागदावरचे सभेचे हस्तपत्रक, टाचणीचा गंज खाली तीन पानांपर्यंत उतरलेला. त्याखाली गावकरी मंडळाच्या गाळ्याची हिशेबवही, कोणी किती भाडे दिले, कोणाला गावी जायला उसने दिले. तळाशी बदली कामगाराचे कार्ड आणि पगाराची पावती. चाळ पाडायला निघाली की ही ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते.

या कागदांचे मोल निव्वळ अभ्यासकापुरते नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांत संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या बंद पडल्या. कामगार पुढारी दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे झगडून गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे मिळण्याचा हक्क उभा केला. त्या घरासाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीत कामाला होतो, हे कामगाराला किंवा त्याच्या वारसाला दाखवावे लागते. तिकीट नंबर, गिरणीचा लाल पास, भविष्य निर्वाह फंडाचा क्रमांक, ईएसआयचा क्रमांक, हजेरीपत्रक असे कागद त्यासाठी मागितले जातात. ज्या आईने पत्र्याच्या डब्यात लाल पास जपला, तिच्या मुलांना दावा मांडता येतो. ज्या घरात पावसाने तो भिजून गेला, त्या घराचे हेलपाटे संपत नाहीत.

म्हणून स्वागत समिती परिषदेपुढे काही कामे ठेवते. युनियनच्या कचेऱ्यांनी, चाळ कमिट्यांनी आणि गावकरी मंडळांनी आपल्याकडच्या कागदांची साधी यादी करावी. गठ्ठा जसा आला तसाच ठेवावा, कारण कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी होता, यातूनही बरेच कळते. गंजक्या टाचण्या काढाव्यात, चिकटपट्टी लावू नये, तारीख आणि नाव शिसपेन्सिलीने लिहावे. स्कॅन केले म्हणून मूळ प्रत टाकून देऊ नये. संपात उतरलेली माणसे थकत चालली आहेत. त्यांचे आणि खाणावळी चालवणाऱ्या बायांचे बोलणे त्यांच्या संमतीने याच वर्षी ध्वनिमुद्रित व्हावे. आणि हा संग्रह कुठेही ठेवला, तरी ज्याचा कागद आहे त्याच्या नातवाला तो ओळखपत्रांच्या अडचणीवाचून, मराठीत मागून पाहता यावा.

 ज्यांनी घरचे कागद सोबत आणले आहेत, त्यांनी दुपारच्या सत्रापूर्वी बाहेरच्या टेबलावर विद्यार्थ्यांकडे नोंद करावी. समिती अध्यक्षांना परिषदेची सूत्रे हाती घेण्याची विनंती करते.