संगणकाचे दप्तर

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात ज्येष्ठ ज्ञातिबांधवांपुढे केलेले भाषण)



संगणकाविषयी चार शब्द बोलावेत अशी सूचना चिटणीसांनी केली, तेव्हा आम्हांस संकोच वाटला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आयुष्य खडू आणि फळा यांच्या सहवासात गेलेले. संगणकास आम्ही पहिल्याने हात लावला तो सेवानिवृत्तीनंतर. परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, ज्याला लवकर आले तो भरभर सांगतो, तुम्हांला उशिरा आले, तुम्ही सावकाश सांगाल." हे म्हणणे आम्हांस पटले. शिवाय आणखी एक कारण होते. या यंत्राच्या बाबतीत आमच्या हातून संस्थेच्या कामात एक प्रमाद घडला आहे, आणि तो आपणां सर्वांसमोर सांगून टाकावा असे फार दिवस मनात होते. त्याकडे आम्ही येऊच. आधी थोडी ओळख करून घेऊ.

संगणकास दोन प्रकारची स्मृती असते. एक वर्गातील फळ्यासारखी आणि दुसरी विद्यार्थ्याच्या वहीसारखी. आपण कळफलकावर जे लिहितो ते प्रथम फळ्यावर उमटते. तास संपला, फळा पुसला गेला, की ते गेले. वीज जाताच आमचे लिहिलेले पत्र नाहीसे झाले ते यामुळेच. फळ्यावरचे वहीत उतरवून घेण्याच्या क्रियेस 'सेव्ह' करणे म्हणतात. कंट्रोल ही कळ दाबून धरून एस दाबावा, की झाले. दर परिच्छेदानंतर ही सवय ठेवावी. काही नव्या सोयींत हे काम आपोआप होते. तथापि त्यावर विसंबू नये.

प्रथमच सेव्ह करताना संगणक दोन गोष्टी विचारतो : नाव काय द्यावे आणि कोठे ठेवावे. येथेच बहुतेकांचे चुकते. आपण प्रश्न न वाचताच होकार देतो आणि मागाहून, "संगणकाने माझे पत्र गिळले," असे म्हणतो. संगणक काही गिळत नाही. त्याने ते कोठेतरी ठेवलेले असते. कोठे, हे आपण पाहिलेले नसते.

असे नाव देऊन ठेवलेले प्रत्येक पत्र, यादी वा छायाचित्र म्हणजे एक 'फाइल' आणि अनेक फाइली एकत्र ठेवण्याचे स्थान म्हणजे 'फोल्डर'. हे शब्द ऐकून बुजण्याचे कारण नाही. ते आपल्याच कचेऱ्यांतून तेथे गेले आहेत. १९८१ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीने 'स्टार' नावाचा संगणक विक्रीस आणला. कारकुनाचे टेबल, त्यावरील कागद आणि फोल्डर यांची चित्रे त्याच्या पडद्यावर होती. तो संगणक महाग होता व फारसा खपला नाही. परंतु ती कल्पना पुढे घरोघरच्या संगणकांत आली. म्हणूनच पडद्यास 'डेस्कटॉप', म्हणजे टेबलाचा पृष्ठभाग, असे म्हणतात. ज्यांनी तीस-तीस वर्षे कचेरीचे टेबल सांभाळले, त्यांनी या टेबलास भिण्याचे काय कारण?

आपणांस याहूनही जवळचा दाखला हवा असेल तर पुण्याचे पेशवे दप्तर आठवावे. त्यातील मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवले आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी त्या अफाट संग्रहातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध केले. ते सारे कागद एका खोलीत नुसते ओतून ठेवले असते, तर हे काम झाले असते काय? फोल्डर म्हणजे रुमाल. फरक एवढाच, की संगणकात रुमालाच्या पोटात आणखी रुमाल आणि त्यांच्याही पोटात रुमाल ठेवता येतात.

पूर्वीच्या फ्लॉपीवर सुमारे दीड मेगाबाइट एवढाच मजकूर मावे. आज ३२ गिगाबाइटच्या, अंगठ्याएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये तशा वीस हजारांहून अधिक फ्लॉपींचा मजकूर राहतो. जागा विपुल झाली, त्यामुळे कोणी काही टाकून देत नाही. ठेवणे सोपे झाले, शोधणे मात्र कठीण होऊन बसले.

आता आमचा प्रमाद. तीन वर्षांपूर्वी संस्थेच्या शिष्यवृत्त्यांचे काम आमच्याकडे होते. विद्यार्थ्यांची यादी आम्ही संगणकावर केली व तिला 'यादी' असे नाव दिले. फेरफार झाले तसतशा 'यादी नवी', 'यादी अंतिम', 'यादी अंतिम २' अशा फाइली डेस्कटॉपवर जमत गेल्या. एका मुलीची गुणपत्रिका उशिरा आली. समितीने तिचे नाव मान्य केले. आम्ही ते घातले, पण घातले 'यादी नवी' या फाइलमध्ये. आणि खजिनदारांकडे पाठवली 'यादी अंतिम'. नाव अंतिम, म्हणजे यादी अंतिम, असे आम्ही धरून चाललो.

मुलीची आई शिवणकामावर घर चालवते. संस्थेने नाकारले असेल, असे समजून ती माउली गप्प राहिली. कोणास विचारणेही तिला प्रशस्त वाटले नाही. वसतिगृहाची फी भरण्याची मुदत आली, तेव्हा तिने हातातील पाटली गहाण ठेवली. दिवाळीत हे आमच्या कानी आले. रक्कम त्याच आठवड्यात दिली गेली आणि गहाणाचे व्याज आम्ही स्वतः भरले. क्षमा मागण्यासाठी आम्ही तिच्या घरी गेलो. तिने चहा केला, एक शब्दही लागेल असा बोलली नाही. ती बोलली असती तर आम्हांस बरे वाटले असते.

दोष संगणकाचा नव्हता. आमच्या दप्तरास शिस्त नव्हती. त्यानंतर आम्ही स्वतःस काही नियम घालून घेतले, ते आपणांपुढे ठेवतो.

पहिला नियम स्थानाचा. डेस्कटॉपवर काम करावे, साठा करू नये. संस्थेच्या संगणकावर आता 'शिष्यवृत्ती' हा एक फोल्डर आहे; त्यात '२०२५-२६' असा वर्षाचा; आणि त्यात 'अर्ज', 'याद्या' व 'पत्रव्यवहार' असे तीन. याहून खोल आम्ही जात नाही, कारण फार पायऱ्या झाल्या तर उतरणाराच वाट चुकतो.

दुसरा नियम नावाचा. 'नवी', 'अंतिम', 'ताजी' ही नावे नव्हेत. आजची नवी उद्या जुनी होते. तारीख घालावी आणि तीही आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी. '२०२५-०७-०४ शिष्यवृत्ती यादी मंजूर' असे नाव दिले म्हणजे नावांप्रमाणे लावलेल्या फाइली आपोआप कालानुक्रमाने उभ्या राहतात. तारखेत तिरपी रेघ घालू नये. विंडोज प्रणालीत फाइलच्या नावात तिरपी रेघ, अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह चालत नाही. चुकीचे नाव पडले असल्यास फाइलवर एकदा टिचकी मारून एफ-२ ही कळ दाबावी, म्हणजे ते बदलता येते.

तिसरा नियम मंजुरीचा. मंजूर यादी एकच असावी. बाकीच्या 'जुने मसुदे' अशा वेगळ्या फोल्डरात हलवाव्यात आणि पाठवण्यापूर्वी फाइल उघडून डोळ्यांखालून घालावी. हे एक मिनिट आम्ही वाचवले आणि त्याची किंमत दुसऱ्याने भरली.

चौथा नियम प्रतीचा. महत्त्वाच्या फाइलीची एक प्रत संगणकाबाहेर असावीच. येथे एक सावधगिरी सांगतो. डेस्कटॉपवरील ज्या चित्राच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसतो, ती खरी फाइल नसते. तो केवळ तिच्याकडे नेणारा फलक असतो. फलक पेन ड्राइव्हमध्ये नेला म्हणून गाव बरोबर येत नाही. यास्तव प्रत घेतल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.

शेवटी, पुसण्याविषयी. संगणकातील फाइल पुसली तर ती सहसा 'रीसायकल बिन' या टोपलीत जाते व तेथून परत आणता येते. पेन ड्राइव्हमधून पुसलेली फाइल साधारणपणे त्या टोपलीत जात नाही. म्हणून तेथे हात जपून चालवावा. नुकतीच चूक झाली असेल तर घाबरून दहा कळा दाबू नयेत. कंट्रोल व झेड ही जोडी बहुधा मागचे पाऊल परत घेते.

बंधुभगिनींनो, शाळेत असताना आमच्याकडे वृद्ध गृहस्थ येत. नातवाच्या जातपडताळणीसाठी त्यांना स्वतःच्या किंवा वडिलांच्या शाळेतील नोंदीचा उतारा हवा असे. आम्ही जनरल रजिस्टर काढत असू. पिवळे पडलेले पान, बोरूची अक्षरे, नाव, जन्मतारीख, जात, दाखल झाल्याचा दिवस, सारे जागच्या जागी. ते लिहिणाऱ्या हेडमास्तरांस हा नातू ठाऊक नव्हता. तो तेव्हा जन्मलाही नव्हता. तरीही त्यांच्या नीटनेटकेपणाने त्या मुलाचा मार्ग मोकळा झाला.

आपल्या संगणकातील कागदही असेच कोणीतरी पुढे शोधणार आहे. घरोघरी विम्याची पत्रे, जमिनीचे उतारे, आईवडिलांची छायाचित्रे आता याच यंत्रात आहेत. आपण नसताना मुलांस ती सापडली पाहिजेत. आज घरी गेल्यावर एकच करावे : एक फोल्डर करून त्यास 'घरची महत्त्वाची कागदपत्रे' असे नाव द्यावे, त्यात पाच फाइली ठेवाव्यात, आणि तो कोठे आहे हे घरातील एका माणसास सांगून ठेवावे.

शिकवताना आम्ही मुलांच्या पुष्कळ चुका दाखवल्या. आज स्वतःची दाखवली.