अपुरी राहिलेली वही
(धर्मग्रामाच्या ज्युबिली समारंभांत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं शोकाची गोष्ट काढावी कीं नाहीं, याविषयीं आम्ही पुष्कळ विचार केला. परंतु ज्या कळपास आपल्या मेंढपाळाचें अंत्यदर्शनही घडलें नाहीं, त्याच्या उत्सवांत ती गोष्ट न बोलतांही हजर असतेच. मग ती उघड बोललेली बरी.

आमच्या पूर्वीचे फादर सन २०२१ च्या साथींत दूरच्या शहरीं इस्पितळांत निवर्तले. त्यांचा देह येथें आणतां आला नाहीं. आम्ही येथें आलों तेव्हां सॅक्रिस्टींत त्यांची एक जाड वही दिसली. कराड-वाळव्याकडील साखर कारखान्यांच्या वसाहती, मिरज स्थानकाजवळच्या चाळी, जेथें जेथें आपलीं विखुरलेलीं कुटुंबें आहेत तेथें स्वतः जाऊन त्यांनीं नांवें लिहिलीं होतीं. निम्मी वही कोरी होती. पुढें लिहूं लागलों, तों एका वृद्ध बाईंनीं हात जोडले, "फादर, त्यांच्या अक्षराखालीं दुसऱ्याचें अक्षर नको." आम्हीं वही मिटली.

त्या दिवसांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण आम्हांस वारंवार होई. १८९५ सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें बरींच वर्षें अमेरिकन मराठी मिशनचें काम करून १९१७ सालीं त्यांनीं तें सोडिलें, आणि याच साताऱ्यांत 'देवाचा दरबार' मांडिला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले, दोघांनींही ख्रिस्ताच्या नांवानें तेथें एकत्र यावें, अशी त्यांची कल्पना. ती आमच्या ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशीं सर्वस्वीं जुळत नाहीं, हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. पण अवघ्या दोन वर्षांत, ता. ९ मे १९१९ रोजीं, त्यांनीं मुंबईस देह ठेविला. दरबार साताऱ्यास, धनी मुंबईस! त्यांच्या इच्छेप्रमाणें देहास अग्नि दिला गेला. (आपल्या ख्रिस्तसभेनें दहनाची मोकळीक १९६३ सालीं दिली, आपल्या कांहीं वडीलधाऱ्यांस ती अजून रुचत नाहीं, हें आम्ही जाणतों.)

दरबार पुढें फार काळ टिकला नाहीं. तो एका माणसाच्या तेजावर उभा होता, असें आम्हांस वाटतें. मात्र टिळकांचीं भजनें राहिलीं. तीं आपणही गातों, पंथ न विचारतां. आणि त्यांचें 'ख्रिस्तायन' हें अपुरें काव्य लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतलें. ज्या स्त्रीस लहानपणीं शाळा मिळाली नाहीं, तिनें पतीच्या ओव्यांखालीं आपल्या ओव्या लिहिल्या. १९३६ सालीं त्या वारल्या, त्यापूर्वीं तें काम त्यांनीं पुढें चालविलें होतें. त्यांना कोणी म्हटलें असेल काय, कीं टिळकांच्या अक्षराखालीं दुसरें अक्षर नको?

हीच गोष्ट आम्हीं गेल्या २ नोव्हेंबरास, मृतांच्या स्मरणदिनीं, मिस्सानंतर सांगितली. त्या बाई कांहीं बोलल्या नाहींत. पुढच्या रविवारीं त्या नातवास घेऊन आल्या व त्याचें नांव वहींत घालावयास सांगितलें. तें आम्हीं त्यांच्याकडूनच लिहविलें. अक्षर वाकडें आहे, पण वाचतां येतें.

वही आज सॅक्रिस्टींत मेजावर उघडी ठेविली आहे. ज्यांचीं नांवें राहिलीं असतील त्यांनीं जेवणापूर्वीं येऊन तीं आपल्याच हातानें लिहावीं. सांगलीकडच्या मंडळींची मोटार लौकर निघते. त्यांस आधीं वाट द्यावी.