बेटावरची बंद घरे
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चतुर्थीच्या मंगल दिवसांत चोरी-घरफोडीसारखा अभद्र विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. पण पंचांग चोरालाही वाचता येते. चतुर्थीला आपण पणजी, फोंडा, म्हापशातले फ्लॅट कुलूपबंद करून मूळ घरी जातो आणि विसर्जन आटोपले की मूळ घराला कुलूप ठोकून फ्लॅटवर परततो. म्हणजे एकाच पंधरवड्यात दोनदा, कुठले घर रिकामे आहे ते आपणच जाहीर करतो.

आम्ही दिवाडी बेटावर बारमाही राहणारी काही कुटुंबे. आमच्या वाड्यावर आता उघड्या दारांपेक्षा बंद दारे जास्त दिसतात. कोणी आखातात, कोणी बोटीवर, कोणी पोर्तुगालला, कोणी नुसते मांडवीपलीकडे पणजीत. घराची किल्ली कुठल्या तरी ट्रंकेत आणि घर पावसाच्या हवाली. या घरांची राखण शेवटी आम्हालाच करावी लागते, म्हणून चार गोष्टी सांगायला आलो आहोत.

दिवाडीला अजून पूल नाही. जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे या तीन बाजूंनी फेरीबोट येते. त्यामुळे आमच्या वडीलधाऱ्यांची एक ठाम समजूत होती, की चोर येईल कुठून आणि आला तरी पळेल कुठून? त्यांच्या काळात ते बरेचसे खरेही होते. फेरीत चढणारा प्रत्येक चेहरा ओळखीचा असे आणि अनोळखी माणसाला धक्क्यावर उतरायच्या आतच दोघे विचारत, ‘कोणाकडे?’ आज फेरीतून गाड्या येतात, सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांची रीघ लागते, ऑगस्टात बोंदेरामला तर सारे बेट माणसांनी भरून जाते. कोणाला काय विचारणार? शिवाय नदी म्हणजे भिंत नव्हे. व्होडी घेऊन खारफुटीच्या आडोशाने कुठेही उतरता येते, हे आमच्या रापणकारांना आणि खाजनात काम करणाऱ्यांना कोणी शिकवायला नको.

उलट नदीचा एक तोटा आहे. पोलीस ठाणे पलीकडे जुन्या गोव्यात. 112 वर फोन केला तरी मदतीला नदी ओलांडूनच यावे लागते. फेरी पलीकडच्या धक्क्याला असेल, तर तेवढा वेळ घर, चोर आणि शेजारी एवढेच बेटावर उरतात. म्हणून आमचे म्हणणे असे, की बेटावरच्या घराचे पहिले कुलूप म्हणजे शेजार. बाकीची कुलपे त्याच्या मागून.

आमच्याच वाड्यावरची गोष्ट. एक घर दोन वर्षे बंद होते. श्रावणातल्या एका रात्री, पाऊस कौलांवर बडवत असताना, शेजारच्या वहिनींना छपरावर खडबड ऐकू आली. त्यांना वाटले, कांडेचोर असेल. त्याचा आमच्या छपरांवर रोजचाच वावर. सकाळी पाहतात तो मागच्या पडवीवरची कौले नीट काढून, एकावर एक रचून ठेवलेली! फोडलेले एकही नव्हते. पडवीला टेकवलेली शिडी त्याच घराची, नारळ पाडायची. आतल्या कपाटाचे दार उचकटायला वापरलेली पहारही त्याच घरातली, मागच्या खोपीतून घेतलेली. चोर जवळजवळ रिकाम्या हाताने आला होता. तांब्याची हंडी, भाण, दोन समया आणि देवघरातली चांदी घेऊन गेला. वहिनींना घरमालकाला कळवायचे होते, पण कोणाकडेच त्यांचा चालू नंबर नव्हता. नंबर मिळेपर्यंत तिसरा दिवस उजाडला.

या एका चोरीने आम्हाला बरेच शिकवले. आपण सारे लक्ष पुढच्या दरवाजाकडे देतो आणि चोर तिकडे फिरकतही नाही. जुन्या घराचा पुढचा दरवाजा सागवानी, जाडजूड, आतून अडसर घालायची सोय असलेला. अडसर घातला तर आजच्या महागड्या कुलपालाही तो हार जाणार नाही. पण स्वयंपाकघराचे मागचे दार? पावसाने खालून कुजलेले, चौकटीला वाळवी, आणि कडी-कोयंडा दोन स्क्रूंवर लटकलेला. कुलूप हजाराचे आणि कोयंडा दहा रुपयांचा, अशी गत असते. कोयंड्याला आरपार बोल्ट घालून आतून नट आवळावे. घर बंद करताना बाकी सगळी दारे आतून अडसराने बंद करावी आणि जे सर्वांत भक्कम आहे त्या एकाच दाराने बाहेर पडावे. दाराबाहेर मोठे कुलूप लोंबत ठेवण्यापेक्षा दारातच बसवलेले कुलूप बरे. घर बंद आहे हे रस्त्यावरून दिसत नाही.

छपराचे म्हणाल तर मंगळुरी कौले हाताने उचलता येतात, हीच त्यांची सोय आणि हीच अडचण. ज्या खोलीत मौल्यवान वस्तू आहेत तिला लाकडी माळा असेल तर उत्तम. नसेल तर चौमाशाआधी कौले परततानाच वाशांखाली लोखंडी जाळी मारून घ्यावी. सुतार आणि शिडी दोन्ही तेव्हा घरी असतातच, खर्च वेगळा पडत नाही. छपरावर टेकलेल्या फणसाच्या, आंब्याच्या फांद्या छाटाव्या. शिडी, पहार, कोयते आत कुलपात ठेवावे. चिऱ्याच्या जुन्या भिंती पुष्कळदा मातीत बांधलेल्या असतात. तिथे खिडकीला ग्रिल लावून भागत नाही, पाते खोलवर जाऊन सिमेंटात बसले पाहिजे. नाहीतर ग्रिल हिसका देताच चौकटीसकट हातात येते.

कॅमेऱ्याबद्दल सगळे विचारतात. लावा, आमची ना नाही. पण पावसात वीज गेली की तोही झोपतो, आणि खाऱ्या हवेत त्याच्या जोडण्या गंजतात. बॅटरीची सोय नसेल आणि दूरवरून कॅमेऱ्यात दिसले तर धावत जायला बेटावर माणूस नसेल, तर तो कॅमेरा चोरीचा सिनेमा काढतो, एवढेच. बल्कांवातला दिवा चोवीस तास जळत ठेवण्याने तर उलट होते. भर दुपारी जळणारा दिवा म्हणजे ‘घरी कोणी नाही’ अशी पाटीच. ठरावीक वेळी लागणारा-विझणारा दिवा फार महाग नाही.

शेजाराची बात निराळी. आमच्या वाड्यावर आता एक साधी वही आहे. कोणते घर कधीपासून बंद, मालकाचा चालू नंबर, किल्ली कोणाकडे, पलीकडे जवळचा नातेवाईक कोण. ती वही दोन घरांत असते, कोणाच्या फोनवर फिरत नाही, कारण बंद घरांची यादी चुकीच्या हाती पडली तर चोराचे काम आम्हीच केल्यासारखे होईल. दर आठवड्याला कोणीतरी जाऊन घराभोवती चक्कर मारतो, पालापाचोळा झाडतो, खिडकी उघडतो. झाडलेले अंगण पाहून चोर दोनदा विचार करतो. सकाळी भोंपू वाजवत येणारा पदेर तर आमचा मोठाच आधार. दाराला लावलेल्या पिशवीतले पाव दुपारपर्यंत तसेच राहिले की तो दुसऱ्या दिवशी विचारल्याशिवाय राहत नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या दृष्टीने तर ही चौकशी चोरीपेक्षा फार मोठ्या संकटात कामी येते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. चोरी झाली की पहिला संशय बाहेरून आलेल्या मजुरावर. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे योग्यच, कामाला ठेवलेल्या माणसाचे ओळखपत्र पाहणेही योग्य. पण केवळ बोली वेगळी म्हणून कोणाला चोर ठरवणे आम्हाला पटत नाही. या सभागृहात बसलेल्या कित्येकांचे आजे-पणजे असेच नोकरीधंद्यासाठी ट्रंक घेऊन गोव्यात उतरले होते. शिवाय आमच्या अनुभवात, वाड्यावर वर्षानुवर्षे राहिलेला मजूर हाच रात्री सर्वांत आधी जागा होणारा राखणदार असतो.

मौल्यवान वस्तू सुरक्षित जागी हलवणे दिवाडीला नवे नाही. कदंबांचे सप्तकोटेश्वर मूळचे आमच्याच बेटावरचे. पोर्तुगिजांनी देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला गेले आणि तिथले देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये बांधवून घेतले. खांडोळ्याचा महागणपतीही मूळचा दिवाडीचाच. तेव्हा चतुर्थीला लॉकरमधून काढलेले दागिने आणि देवाची चांदी विसर्जनानंतर लगेच परत ठेवायला संकोच कसला? जी जड भांडी, जुनी फर्निचरे हलवता येत नाहीत त्यांचे फोटो काढून ठेवा. ठोकलेली आद्याक्षरे, पोचा, सांधलेली कड, जे काही ओळखीचे असेल ते जवळून टिपा. माल सापडला तरी ‘ही आमचीच हंडी’ हे पटवायला आजीची आठवण पुरत नाही.

आणि एवढे करूनही चोरी झालीच तर? आधी काही आवरू नका. आपल्या बायाबापड्यांना पसारा दिसला की हात केरसुणीकडे जातो. तो हात धरा. बोटांचे ठसे, पावलांचे चिखल तसेच राहू द्या, फोटो काढा, 112 ला कळवा. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. भारतीय न्याय संहितेच्या 305 व्या कलमाखाली राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि माल ठेवण्यासाठी वापरलेली वास्तूही त्यात येते. म्हणजे घर बंद होते म्हणून गुन्हा हलका होत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते. मात्र तशी दिली तर तीन दिवसांत येऊन सही करावी लागते. मस्कतला बसलेल्या मालकाला तीन दिवसांत येणे कसे जमावे? पण पहिली खबर मालकानेच दिली पाहिजे असे नाही. चोरी पाहणारा शेजारीही ती देऊ शकतो. तिची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. आमच्या वहिनींना हे तेव्हा ठाऊक असते तर तीन दिवस थांबावे लागले नसते. आता त्या वहीच्या पहिल्याच पानावर, ठाण्याच्या नंबरखाली, हे लिहून ठेवले आहे. कोणाला तशी वही आपल्या गावी सुरू करायची असेल, तर तिचे रकाने कसे आखले ते दाखवायला आम्ही एक कोरी वही बरोबर आणली आहे. आरतीनंतर ती बघून घ्यावी.